उजव्या हाताचा रामराम

"ही जीभ ब्रेकच्या दांडीवर टेकली की मूठ हितंच थांबती. मागं येत न्हाय. बगा."

शरणबसप्पानं गाडीची उजवी मूठ जरा पिळली, तिच्यावर आवळलेल्या पट्टीची पितळी जीभ ब्रेकच्या दांडीवर टेकवली आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. गाडी स्टँडवर होती. मागचं चाक हवेत गरगरत होतं, इंजिन एका सुरात चाललं होतं आणि मुठीला कुणाचाच हात नव्हता. बब्रुवान वायरमन दोन पावलं मागं सरकून ते नवल बघत राहिला.

"आता ब्रेक धरा."

बब्रुवाननं ब्रेक धरला. जीभ सुटून मूठ मागं यायला हवी होती, पण ती काही आली नाही. गाडी तशीच बोंबलत राहिली, तेव्हा शरणबसप्पानं झटक्यात चावी फिरवली.

"शिवशिवा! असंच घिऊन गेला असताव, तर थेट कुणाच्या तरी उसाच्या ट्रालीत. पट्टी लई आवळली म्या. खाली टूबचा अजून एक येढा पायजे."

अणदूरच्या स्टँडजवळ शरणबसप्पाचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. बब्रुवान सकाळीच तिथं एका फडक्यात सामान बांधून घेऊन आला होता: पाण्याच्या मोटरीच्या पाइपाला लावतात ती लोखंडी पट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि एका जुन्या किटकॅट फ्यूजमधून काढलेली पितळेची पाती. मोबाइलवर त्यानं असलं एक यंत्र पाहिलं होतं. गोरे लोक ते मुठीला लावतात, मूठ अडकवून ठेवतात आणि दिवसभर हात मोकळा सोडून गाड्या हाकतात. त्याची किंमत वाचून मात्र त्यानं मोबाइल पालथा घातला होता. गाडी वीस वर्षांची हिरो होंडा. तिच्या अंगावर ते यंत्र म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून घरातलं भंगार उपसून त्यानं हा जुगाड मनात जुळवला आणि शरणबसप्पाच्या हातात दिला.

शरणबसप्पानं पट्टी सोडवली, ट्यूबचा नवा वेढा घातला आणि पातीची टोकं कानशीनं घासायला बसला. घासता घासता म्हणाला, "पर वायरमन, तुमाला ह्ये कशाला पायजे? जाणार चिवरी रोडनं, येणार चिवरी रोडनं. का लडाखला निघालाव?"

"मनगट दुखतंय," बब्रुवान म्हणाला.

ते खोटं नव्हतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यातलाच तो प्रकार होता.

बब्रुवानला गावात बब्रुवान म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळी उमर तो वायरमन होता आणि रिटायर झाल्यावरही वायरमनच राहिला. अजून कुणाचा स्टार्टर जळाला, कुणाची मोटर उलटी फिरायला लागली, की त्यालाच बोलावणं येई. आणि तोही सकाळी पिशवीत टेस्टर-पक्कड टाकून चिवरी रोडनं निघे. त्या रस्त्यावरचा एकही खांब असा नव्हता ज्यावर तो चढला नव्हता. त्यामुळं रस्त्यानं जाताना दर चार खांबांमागं कुणी ना कुणी हात वर करायचं, "रामराम वायरमन!" आणि बब्रुवान मूठ सोडून उजवा हात वर करायचा.

आता ज्यांना मोटरसायकल येत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की गाडीचा वेग उजव्या हातात असतो. मूठ सोडली की गाडी मरगळते. बब्रुवानची गाडी त्यामुळं आयुष्यभर उचक्या लागल्यासारखी चालली. मागं बसलेली दैवशाला, म्हणजे त्याची बायको, वैतागायची. "आवं, डावा हात करा की! त्यो रिकामाच हाय."

"डाव्या हातानं कुणी रामराम करतंय का? शिवी दिल्यावानी दिसंल."

"मग हारन वाजवा."

"हारन म्हशीला वाजवत्यात. माणसाला न्हाय."

शिवाय त्या गाडीचा हॉर्न कधीचा गेलेला होता, हेही खरं.

या सगळ्या रामरामांत एक रामराम निराळा होता. तो कृष्णराजाचा. चिवरी रोडला एक वळण आहे. वळण संपलं की जरासा उतार, उताराच्या कडेला विजेच्या ट्रान्सफॉर्मरची डीपी आणि डीपीच्या शेजारी कृष्णराजाचं शेत. बांधावरच्या दगडी कट्ट्यावर कृष्णराज सकाळी बसलेला असायचा. तिथं बब्रुवानचा हात इतरांपेक्षा वर जाई आणि जास्त वेळ वर राही.

त्याला कारण होतं. दोघांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्या डीपीजवळच्या खांबावर बब्रुवान चढला होता आणि खाली कृष्णराजानं शिडी धरली होती. लाइन बंद होती, बब्रुवाननं स्वतः बंद केली होती. तरी कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा आला आणि त्याचा उजवा हात तारेला चिकटला. तोंडातून आवाज निघेना. कृष्णराजानं वर बघितलं, त्याच्या ध्यानात आलं. शेजारी पडलेला वाळका बांबू घेऊन तो शिडीवर चढला आणि सगळा जोर लावून त्यानं बब्रुवानच्या मनगटावर घाव घातला. हात सुटला, मनगट मोडलं, माणूस वाचला.

प्लास्टर निघाल्यावर बब्रुवान नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन त्याच्या शेतात गेला. कृष्णराजानं नारळ तेवढा घेतला.

"आभार-बिभार नगं मला," तो म्हणाला. "जाता-येता हात करत जा. म्हंजी कळतंय, वायरमन अजून जित्ता हाय."

तेव्हापासून बब्रुवान हात करत आला. ज्या हातावर घाव पडला तोच हात. कधी थांबून बसणं झालं नाही. थांबून बोलायचं तर विषय लागतो. रामरामाला विषय लागत नाही. लग्नकार्यात भेटले तरी दोघं एकमेकांकडं बघून नुसते हसायचे आणि पंगतीत लांब लांब बसायचे. पण सकाळी त्या उतारावर हात वर झाला की बब्रुवानला दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा. पोरीचं लग्न झालं त्या सकाळी, आई गेली त्यानंतरच्या पहिल्या सकाळी, रिटायर झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी, त्यानं हात केला होता आणि समोरून हात वर आला होता. भाऊ भेटून गेल्यासारखं वाटायचं त्याला. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या थंडीत ते मोडलेलं मनगट बिनसलं. आधी कळा यायला लागल्या, मग बोटांतला जोर गेला. मूठ धरलेली असली तर धरलेली राही. पण एकदा सोडली की परत पटकन आवळता येईना. एकदा डेअरीसमोर त्यानं हात केला आणि मूठ परत सापडेपर्यंत गाडी आचके देत एका शेळीच्या अंगावर गेली. शेळी वाचली, शेळीवालीनं मात्र त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सोलापूरला डॉक्टरला दाखवलं, ते तर हात दाखवून अवलक्षणच झालं. डॉक्टर म्हणाले, जुन्या मोडलेल्या जागी सांधा झिजलाय, गाडी बंद करा.

गाडी त्यानं बंद केली नाही. रामराम बंद केला.

हेल्मेटमधून तो मान हलवायचा, पण हेल्मेटातली मान कुणाला दिसते? आठ-पंधरा दिवसांतच चहाच्या टपरीवर बोललेलं त्याच्या कानावर आलं, "वायरमनला पेन्शनीचा माज आलाय." ते त्यानं हसण्यावारी नेलं. पण उतारावर कृष्णराजाचा हातही वर येईनासा झाला, ते त्याला हसण्यावारी नेता येईना. कृष्णराज कट्ट्यावर तसाच बसलेला असे, तोंड रस्त्याकडं, दोन्ही हात काठीवर, आणि बब्रुवान त्याच्या समोरून चोरासारखा जाई. एवढ्या वर्षांचा माणूस तुटला आणि एका शब्दाचं भांडण झालं नव्हतं, याचं त्याला फार वाईट वाटे. त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"थांबून सांगा की, मनगट गेलंय म्हनून," दैवशाला म्हणाली.

"काय सांगू? तू मारलेल्या जागीच गेलंय म्हनून सांगू? त्येनं जीव वाचवला माझा. म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लावू का आता?"

 दैवशाला माळ्यावर चढली आणि जुन्या फ्यूजांचा डबा तिनंच खाली काढून दिला.

"धरा ब्रेक आता," शरणबसप्पा म्हणाला.

बब्रुवाननं ब्रेक धरला. जीभ टक् करून सुटली, मूठ मागं आली, इंजिन शांत झालं. शरणबसप्पानं पुन्हा पुन्हा तेच करून बघितलं. मग अंगठ्यानं जीभ उचलायची कशी, तेही दाखवलं.

"ब्रेक धरला तरी सुटतंय, अंगठा लावला तरी सुटतंय. गर्दीत मातर लावू नगा. अन् पैशाचं काय बोलू नगा, सामान तुमचंच हाय. खंडोबाला गेलाव तर माझ्या नावानं भंडारा उधळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बब्रुवान निघाला तो इस्त्रीचा शर्ट घालून. चिवरी रोडला लागल्यावर त्यानं मूठ बेताची पिळली, जीभ टेकवली आणि हळूच हात उचलला. गाडी चालतच राहिली. त्याला हसू आलं. डेअरीसमोरच्या गड्याला त्यानं हात केला. तो गडी दुधाचा कॅन खाली ठेवून ओरडला, "रामराम वायरमन! हायसा का?" शाळेजवळ, पाण्याच्या टाकीजवळ, विटभट्टीवर, जो दिसेल त्याला बब्रुवान हात करत सुटला. ओळख नसलेल्या एका खतवाल्यालाही त्यानं रामराम ठोकला. गाडी बिनउचक्यांची, एका सुरात पळत होती. आज दैवशाला मागं बसलेली पाहिजे होती, असं त्याला वाटून गेलं.

वळण आलं. उतार लागला. कट्ट्यावर कृष्णराज होता.

बब्रुवाननं हात केला. पार डोक्याच्या वर, पंजा उघडून. गाडी एका सुरात कट्ट्यासमोरून निघाली. कृष्णराज त्याच्याकडंच तोंड करून बसला होता, आणि त्याचे दोन्ही हात काठीवरच राहिले.

नसेल लक्ष, असं बब्रुवाननं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी त्यानं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, म्हणजे तोंड दिसेल. हात केला, वर हसलाही. कृष्णराजाची पापणीसुद्धा लवली नाही.

त्या दिवशी तो कामावर न जाता अर्ध्यातूनच घरी आला आणि गाडी भिंतीला टेकवली. "झालं," तो दैवशालाला म्हणाला. "दगडाला तरी पाझर फुटंल. ह्या माणसानं तोंडासमोर असून हात केला न्हाय. आता म्या बी न्हाय करायचा."

"न्हाय करायचा तर नगा करू," दैवशाला म्हणाली. "पर रागात शिळी भाकर नगा खाऊ, ताजी टाकायलेय."

रविवारी दोघं खंडोबाला गेली. अणदूर आणि नळदुर्ग मिळून देव एकच. काही दिवस तो तिकडं असतो, काही दिवस इकडं. सध्या अणदुरात होता. बब्रुवाननं शरणबसप्पाच्या नावानं भंडारा उधळला आणि कपाळ पिवळं करून पायऱ्या उतरायला लागला, तर खाली चपला शोधत हरणाबाई उभी. कृष्णराजाची बायको. एकटीच आली होती.

बब्रुवान तोंड फिरवून निघालाच होता, पण राग तोंडातून बाहेर पडला. "वैनी, मालकाला सांगा, एवढा ताठा बरा न्हवं. म्या रोज हात करायलोय अन् त्ये दगडावानी बसत्यात."

हरणाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "तुमी हात करायलाव?"

"डोस्क्याच्या वर करायलोय! त्येंला दिसत न्हाय का?"

"न्हाय," हरणाबाई म्हणाली.

मग ती पायरीवरच बसली. दैवशालाही तिच्याजवळ बसली.

"दोन वर्सं झाली, भावजी. काचबिंदू. सोलापूरला नेलं, लई उशीर झाला म्हनले डाक्टर. पुढं नुसता पांढरा धूर दिसतोय त्येंला. कुनाला सांगू नगं म्हनले, तुमाला तर अजाबात न्हाय. म्हनले, वायरमनला कळलं की त्यो थांबंल, चवकशी करंल. चवकशी सुरू झाली की रामराम संपला."

"पर दोन वर्सं…" बब्रुवान एक पायरी खाली उतरला. "मागल्या दिवाळीला बी त्येनं हात केला की मला!"

"आवाजावर. तुमची गाडी वळणावर आली की ह्येंचं कान टवकारत्यात. गाडीनं दम टाकला की समजायचं, वायरमननं मूठ सोडली, हात केला. मग ह्यो हात वर. गाडी परत पळाली की हात खाली. दुसरं कोन मूठ सोडतंय हो त्या उतारावर? मग थंडीत एक दिस गाडीनं दम टाकलाच न्हाय. दुसऱ्या दिशी बी न्हाय. ह्येंनी वाट बघितली. मग एक दिस म्हनले, कळलं वाटतं त्येला. आंधळ्याला हात करून काय उपेग, असं वाटलं असंल. त्येचं बी खरंच हाय, म्हनले."

देवळाच्या दारात कुणीतरी घंटा वाजवली. बब्रुवाननं उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं आणि तो ते नुसतं चोळत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. भंडारा डोळ्यांत गेलाय असं वाटायला जागा होती. एवढं डोकं चालवून, पट्टी आवळून, पितळ घासून त्यानं हात मोकळा केला होता, आणि ज्याच्यासाठी केला त्याला ऐकू जाणारी एकच गोष्ट त्या यंत्रानं बंद करून टाकली होती.

"वैनी," तो शेवटी म्हणाला, "माझं मनगट गेलंय. तीच जागा. मूठ सोडली की परत घावत न्हाय. म्हनून थंडीपासनं… पर त्येला सांगू नगा."

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय ते कळेना. "त्येंचं तुमाला सांगायचं न्हाय, तुमचं त्येंला सांगायचं न्हाय," ती म्हणाली. "तुमा दोघांचं काय करावं ह्या खंडोबानं?"

सोमवारी सकाळी बब्रुवान निघाला. डेअरी, शाळा, टाकी, विटभट्टी, सगळीकडं जीभ टेकलेली होती आणि हात मोकळा होता. वळणाच्या अलीकडं त्यानं मागं पुढं बघितलं. रस्ता रिकामा होता. त्यानं मूठ धरली, अंगठ्यानं जीभ उचलली आणि वळण घेतलं.

कट्ट्यावर कृष्णराज बसला होता. दोन्ही हात काठीवर.

बब्रुवाननं मूठ सोडली. इंजिनानं दम टाकला. उताराला लागलेली गाडी मंद झाली आणि त्यानं उजवा हात वर केला, वीस-तीस वर्षं करत आला होता तसा, न थांबता, न बोलता.

कृष्णराजाची मान जराशी वळली. क्षणभर तो नुसता कान देऊन राहिला, खात्री करून घ्यावी तसा. मग काठीवरचा एक हात सुटला आणि वर गेला. बोटं पसरलेली, पंजा उघडा. मिशीखाली ओठ हलले. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण ते ऐकायची गरजही नव्हती.

गाडी घरंगळत कट्ट्यासमोरून पुढं गेली. बब्रुवाननं हात खाली घेतला, बोटं मुठीवर ठेवली आणि आवळायला लागला. बोटं ऐकेनात. गिअरमधली गाडी आचके द्यायला लागली, मनगटातून कळ निघाली. त्यानं आरशात बघितलं. कृष्णराजाचा हात अजून वरच होता. इंजिन परत पळाल्याशिवाय तो खाली येणार नव्हता.

बब्रुवाननं दात आवळले, सगळा तळवा मुठीवर दाबला आणि खांद्यापासून हात पिळला. उताराखालच्या पुलापाशी इंजिनानं एकदाची उचल खाल्ली. आरशातला तो हात सावकाश खाली आला आणि परत काठीवर जाऊन बसला.